प्रारब्ध आणि दिरंगाई

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी नागपूरच्या धंतोलीतील एका दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. यवतमाळकडील एका खेड्यातून पहाटेची एस. टी. धरून त्या आल्या होत्या. नऊ-दहा वर्षांची मुलगी त्यांच्या खांद्याला टेकून पेंगत होती, आणि त्यांच्या हातात शाळेची एक दोनशे पानी वही होती, जिच्या पहिल्या काही पानांवर मुलीचे गुणाकार-भागाकार होते आणि पुढल्या पानांवर उभ्या रेघा आखून तारीख, इन्सुलिनची युनिटे आणि रक्तातील साखरेचे आकडे मांडलेले होते. आकड्यांचा रकाना बऱ्याच ठिकाणी कोरा दिसला म्हणून मी सहज विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "डबी दीड महिना पुरवतो जी, दिवसाले एकच." पन्नास पट्ट्यांची डबी, रोज एक पट्टी, हा हिशेब माझ्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग रात्रीचे काय, असे विचारल्यावर त्यांनी आपला तळवा मुलीच्या कपाळावर ठेवून दाखवला. "रातच्याले दोनदा उठतो. हात लावून पायतो. घाम आला असंन तं साखर चारतो." त्यांच्या पलीकडे बसलेले वृद्ध गृहस्थ, बहुधा सासरे असावेत, हळू आवाजात म्हणाले, "पोरीचा भोग हाये जी, दुसरं काय!"

त्या उद्गारात कडवटपणा नव्हता, नातीविषयीची अपार कणव होती, आणि म्हणूनच तो माझ्या मनातून जाईना. भोग हा आपल्या भाषेतला फार जुना आणि एका अर्थी फार कनवाळू शब्द आहे. बालवयात होणारा हा मधुमेह, ज्याला वैद्यक पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणते, तो कोणाच्या खाण्यापिण्याच्या अतिरेकाने होत नाही. देहाचे रक्षण करणारी यंत्रणाच काही कारणाने स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर उलटते, आणि त्या नष्ट झाल्या की बाहेरून इन्सुलिन टोचल्यावाचून प्राण राहत नाही. ज्या आईच्या हातून काहीही चुकले नाही आणि तरीही जिला रात्रंदिवस आपलेच काही चुकले असे वाटत राहते, तिला भोग हा शब्द अपराधाच्या भावनेतून सोडवतो, आणि तेवढ्यापुरता मी त्याला नमस्कारच करतो. परंतु रोग जडणे ही एक गोष्ट, आणि तो जडल्यानंतर त्या आईने रात्री दोन वाजता अंधारात मुलीचे कपाळ चाचपडत बसणे ही निराळी गोष्ट. ज्या शहरात त्या दिवशी ती बसली होती त्याच शहरातील सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या दंडावर दोन नाण्यांएवढी एक चकती असते, जी दर मिनिटाला साखरेचा अंदाज घेते आणि ती खाली घसरू लागली की आईच्या उशाशी असलेल्या मोबाईलवर घंटा वाजवते. अशी वस्तू जगात असताना त्या चाचपडण्यालाही प्रारब्धच म्हणावे काय, हा मला त्या बाकावर पडलेला प्रश्न आहे.

प्रारब्धाची उपपत्ती आपल्याकडे ज्या दृष्टान्ताने समजावतात तो धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा. संचित म्हणजे भात्यातले बाण, क्रियमाण म्हणजे हाती घेतलेला बाण, आणि प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण. वेग संपेपर्यंत तो जाणारच, त्याला कोणी माघारी बोलावू शकत नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रावरील भाष्यात हा दृष्टान्त योजला तो मात्र एका नेमक्या अडचणीसाठी: ज्ञान झाल्यावर सर्व कर्म जळून जाते असे म्हणायचे, तर ज्ञान्याचा देह ज्ञानक्षणीच का पडत नाही? त्याचे उत्तर सुटलेल्या बाणाने दिले आहे. म्हणजे आपल्या स्वतःच्या देहाकडे, आणि तेही ज्ञानोत्तर अवस्थेत, समतेने पाहण्यासाठी निर्माण झालेली ही उपपत्ती आहे. शेजाऱ्याच्या लेकराच्या दुखण्याकडे पाहताना हात बांधून बसण्यास ती कोणी मुभा म्हणून वापरावी, असे तिच्या मूळ प्रयोजनात कोठेही नाही. लोकव्यवहारात ती तशी वापरली गेली, पुष्कळ शतके वापरली गेली, आणि आपल्या समाजाच्या नैतिक जाणिवेला तिने किती बधिर केले याचा हिशेब अजून कोणी पुरता मांडलेला नाही.

खुद्द आयुर्वेदाने ती तशी वापरू दिली नव्हती. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूंना, भगवान आत्रेयांना, विचारतो की माणसाचे आयुष्य नियत असते की अनियत. आत्रेयांचे उत्तर मला नेहमीच फार धीट वाटत आले आहे. दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या बलाबलावर आयुष्य अवलंबून असते, आणि दैव दुबळे असेल तर पुरुषकार त्यावर मात करतो, असे सांगून ते पुढे म्हणतात की सर्वांचेच आयुष्य ठरलेले असते तर कोणी मंत्र केले नसते, औषधे घेतली नसती, आणि उधळलेल्या बैलाच्या वा हत्तीच्या वाटेतून बाजूलाही सरकले नसते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने दिलेले हे उत्तर आजही पुरे पडते. उधळलेला बैल येताना दिसला की माणूस सरकतो. प्रश्न एवढाच उरतो की तो दिसावा कसा, आणि दिसण्याचे साधन कोणाच्या हाती असावे.

नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरात हे साधन म्हणजे एक काचेची नळी होती. माझ्या वडिलांना उतारवयात मधुमेह जडला, आणि दर रविवारी सकाळी स्नानापूर्वी ते माजघरात स्पिरिटचा दिवा पेटवून बसत. नळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घालायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, नळी चिमट्यात तिरपी धरून उकळी आणायची आणि मग आम्ही सारे रंगाची वाट पाहत उभे राहायचे. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे किंचित. पिवळा, नारिंगी, आणि शेवटी विटकरी, तो दिसला की घरात त्या दिवशी कोणी मोठ्याने बोलत नसे. एका रविवारी नळी स्वच्छ निळी राहिली, वडील प्रसन्न झाले, आणि त्याच दुपारी जेवणापूर्वी खुर्चीवर बसल्याबसल्या त्यांची वाचा अडखळू लागली, अंगावरचा सदरा घामाने भिजला आणि डोळे फिरले. गोळीने साखर वाजवीपेक्षा फार खाली नेली होती. आईने कोणाच्या सांगण्यावरून कोण जाणे, गुळाचा खडा पाण्यात विरघळवून चमच्याने त्यांच्या ओठांत सोडला, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ते सावरले. नळी खोटे बोलली नव्हती. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली तरच मूत्रपिंडे ती बाहेर टाकतात. त्याखाली ती १२० असो की ४०, नळीला सर्व सारखेच निळे.

न्यायशास्त्र शिकवताना पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करण्याचे उदाहरण देतात. वडिलांची नळी ही अशी धुराची साक्ष होती, आणि तीही कित्येक तासांपूर्वीच्या धुराची. बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरवर पाहिलेला आकडा हे प्रत्यक्ष खरे, पण एका क्षणाचे. त्या आकड्यात साखर चढणीला लागली आहे की उतरणीला, हे कळत नाही. दंडावरील चकतीखाली जो पाच-सहा मिलिमीटरचा केसासारखा तंतू त्वचेत राहतो तो रक्तात नसतोच, पेशींच्या भोवतालच्या द्रवात असतो. म्हणून त्याचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे राहतो. परंतु तो अखंड असतो, आणि अखंडतेमुळे त्याला दिशा असते. चौदा दिवसांची एक अखंड रेषा डोळ्यांसमोर आली की मुलगी पहाटे कधी खचते, शाळेतल्या खेळानंतर काय होते, ज्वारीच्या भाकरीने आणि भाताने काय फरक पडतो, हे आईला स्वतः वाचता येते. देहाने घातलेला हा विलंब पाच-दहा मिनिटांचा आहे आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. माणसांनी घातलेला विलंब मात्र वर्षांनी मोजावा लागतो.

या विलंबाचा इतिहास पाहताना एक गोष्ट मला वारंवार आढळली आणि तीच मला या प्रश्नाचे मर्म वाटते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत रक्तातील साखर मोजणारे पहिले यंत्र विक्रीला आले. वजन किलोभराहून अधिक, किंमत पाचशे डॉलरच्या आसपास, आणि ते मिळे केवळ डॉक्टरांना व रुग्णालयांना. रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या अभियंत्याला बाराव्या वर्षापासून हा रोग होता. पत्नी डॉक्टर होती म्हणून तिच्या नावावर त्याने ते यंत्र मिळवले, दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासून इन्सुलिनचे प्रमाण बसवले, आणि आपला अनुभव वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवला तो त्यांनी नाकारला. रोग्याने स्वतःचे रक्त स्वतः मोजावे हीच कल्पना तेव्हाच्या वैद्यकाला अमान्य होती. शेवटी तो पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला, डॉक्टर झाला आणि नव्वद वर्षे जगला. साखर काटेकोर राखल्यास डोळ्यांच्या विकाराचा धोका तीन-चतुर्थांशांनी घटतो हे १,४४१ रुग्णांवरील अमेरिका-कॅनडातील मोठ्या परीक्षणाने सिद्ध झाले ते १९९३ साली. त्यानंतर १९९९ मध्ये अखंड मापनाचे पहिले यंत्र तेथे मंजूर झाले, आणि तेही असे की रोग्याने तीन दिवस अंगावर वागवायचे, आकडे मात्र डॉक्टरने नंतर पाहायचे. आपल्या देशात फ्रीस्टाइल लिब्रे या नावाची चकती २०१५ साली आली तेव्हा पुन्हा तोच प्रकार: चौदा दिवस रोग्याच्या दंडावर, आणि वाचन डॉक्टरच्या हाती. रोग्याला स्वतः पाहता येईल असा तिचा अवतार युरोपात २०१४ मध्येच निघाला होता. भारतात तो २०२० साली मिळू लागला.

रोग्याने आकडे पाहून आपले वागणे बदलू नये, नेहमीचे चित्र डॉक्टरला दिसावे, असा युक्तिवाद या झाकलेल्या यंत्रांमागे होता आणि तो सर्वस्वी निराधार नाही. तरी तीन वेळा, तीन पिढ्यांच्या यंत्रांबाबत, ज्याचा देह त्याला ज्ञान शेवटी, हा क्रम कसा ठरला? आपल्याकडे या प्रश्नाला एक नेमका शब्द आहे: अधिकार. कोणत्या विद्येला कोण अधिकारी आणि कोण अनधिकारी, हा वाद या भूमीने जेवढा भोगला तेवढा क्वचितच कोणी भोगला असेल. आणि त्याचे एक थोर उत्तरही याच विदर्भात मिळालेले आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. चक्रधरस्वामींच्या मागे पंथाची धुरा वाहणाऱ्या नागदेवाचार्यांना केशिराजबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा मानस सांगितला, तेव्हा त्यांनी तो अडवला, कारण तसे केल्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. तेराव्या शतकातील या आचार्याच्या डोळ्यांसमोर कोणी पंडित नव्हता, वाचू न शकणारी म्हातारी होती. वहीत रेघा आखणारी ती यवतमाळकडची आई अधिकारी नाही असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? तिने बेरीज-वजाबाकी शिकून, सुई धरायला शिकून, फ्रिज नाही म्हणून मातीच्या मडक्यात ओल्या फडक्याआड इन्सुलिन थंड ठेवायला शिकून आपला अधिकार केव्हाच सिद्ध केला आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा औषधाचा जीव त्या मडक्यातच टिकतो.

विलंब हा शब्द आपण संस्कृतातून घेतला आणि दिरंगाई फारसीतून. दोहोंत माझ्या कानाला तरी फरक जाणवतो. विलंब घडतो, दिरंगाई केली जाते, तिच्यामागे कोणी तरी बसलेला असतो. साधन निर्माण होण्यास जो काळ लागला, म्हणजे लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली विकरांच्या साहाय्याने विद्युत्-अग्रावर ग्लुकोज मोजण्याची युक्ती मांडली तेव्हापासून ती दंडावर बसेपर्यंतची पन्नास वर्षे, तो विलंब होय. परीक्षेला लागणारा काळही विलंबातच मोडतो, आणि तो मी आनंदाने मान्य करतो. २००१ मध्ये मनगटावरचे एक यंत्र अमेरिकेत मंजूर झाले होते, त्याने कातडी पोळून निघे आणि त्याच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नसे, काही वर्षांत ते मागे घ्यावे लागले. लहान मुलाला किती युनिटे टोचायची हे ज्या आकड्यावर ठरते तो आकडा तपासून, पारखून मगच द्यावा. यापुढचा काळ मात्र दिरंगाईचा आहे. वस्तू सिद्ध झाली, मंजूर झाली, दुकानात मांडली गेली, आणि तरीही ती घेणे ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी ती अजून निर्माणच झालेली नाही.

हिशेब साधा आहे. एक चकती चार ते पाच हजारांच्या घरात, तिचे आयुष्य चौदा दिवस, म्हणजे वर्षाला सव्वीस चकत्या आणि लाखाच्या वर रुपये. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे एका मुलीची साखर वर्षभर पाहत राहण्यासाठी चौदा-पंधरा क्विंटल तरी कापूस विकावा लागेल, आणि कोरडवाहू शेतीत तेवढा कापूस म्हणजे कित्येक कुटुंबांचे सबंध वर्ष. फ्रान्सने २०१७ सालीच या चकतीचा खर्च सरकारी विम्यात घेतला. इंग्लंडने २०२२ मध्ये पहिल्या प्रकारच्या प्रत्येक रुग्णाला अखंड मापनाचे साधन देण्याची शिफारस स्वीकारली. आपल्याकडे केरळने मिठाई या गोड नावाची योजना काढून अशा मुलांच्या इन्सुलिनचा, पट्ट्यांचा आणि अखंड मापनाचा भार उचलायला आरंभ केला. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ग्लुकोमीटरवरील व्यापारी नफ्याला मर्यादा घातली आणि सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर व पट्ट्यांवरील कर बारावरून पाच टक्क्यांवर आणला, हे नमूद केलेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने तर २०२२ साली उद्दिष्ट ठरवले आहे की २०३० पर्यंत पहिल्या प्रकारच्या शंभर टक्के रुग्णांना परवडणारे इन्सुलिन आणि साखर मोजण्याचे साधन मिळावे. २०३० आता दूर राहिलेले नाही.

नागपुरात या दिरंगाईशी कोणी झुंजले नाही असे नाही. डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट स्थापन करून गरीब घरांतल्या मधुमेही मुलांना फुकट इन्सुलिन, सुया, पट्ट्या आणि शिक्षण देण्यास प्रारंभ केला. ज्या मुली, केवळ मुली आहेत म्हणून, औषधावाचून मरू दिल्या गेल्या असत्या त्यांतल्या कित्येक त्यामुळे जगल्या, शिकल्या, नांदत्या झाल्या. दात्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने एवढे करावे आणि राज्याने तिच्याकडे कौतुकाने पाहत राहावे, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून मी दीक्षाभूमीवरून घरी आलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे धम्मदीक्षा घेणारे बाबासाहेब मधुमेहाने जर्जर झाले होते. पायांच्या वेदना होत्या, दृष्टी मंदावत चालली होती. त्यांच्या पत्नी माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या, तरी त्या काळी घरात साखर पाहण्याचे साधन म्हणजे तीच उकळती नळी. त्यानंतर त्रेपन्न दिवसांनी ते गेले. त्यांच्या वाट्याला आलेली उणीव ही त्या काळाची उणीव होती, आणि तिचा दोष कोणावर ठेवता येत नाही. परंतु ज्या बुद्धाला ते येथे शरण गेले त्याचाही एक बाणाचा दृष्टान्त आहे. जग शाश्वत की अशाश्वत हे कळल्यावाचून साधना करणार नाही असे म्हणणाऱ्या मालुंक्यपुत्राला त्याने विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली: बाण कोणी मारला, त्याचे कुळ कोणते, धनुष्य कशाचे, हे समजल्यावाचून बाण उपटू देणार नाही असा हट्ट धरणारा मनुष्य उत्तरे मिळण्यापूर्वीच मरेल. वेदान्ताचा बाण सुटलेला आहे, तो कोठून आला याचा विचार खुशाल व्हावा. बुद्धाचा बाण देहात रुतलेला आहे आणि तो उपटणारा हात जवळ उभा आहे. अतिसाराने आपल्याच मळात लोळणाऱ्या भिक्षूला त्या तथागताने स्वतः पाण्याने धुऊन अंथरुणावर निजवले, अशी विनयपिटकातली हकिगत आहे. त्या भिक्षूचे पूर्वकर्म काय, याची चौकशी त्याने केल्याचे तेथे लिहिलेले नाही.

म्हणून त्या वृद्ध आजोबांशी माझा वाद नाही. त्यांनी रोगाला भोग म्हणावे. रात्री दोनच्या त्या चाचपडण्याला भोग म्हणण्याचा हक्क मात्र ज्यांच्या सहीने ते थांबू शकते त्यांना नाही. ते त्यांचे क्रियमाण आहे, आणि कर्मसिद्धान्त खरा असेल तर त्याचे फळही त्यांच्याच खात्यावर जमा होणार आहे.

१९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते. मुंबईहून दप्तरे येतात, मंत्री येतात, सिव्हिल लाइन्समध्ये दिवे लागतात. येत्या अधिवेशनाला येणाऱ्या सदस्यांना माझी विनंती आहे की त्यांनी महाराष्ट्रातील पहिल्या प्रकारच्या प्रत्येक मधुमेही मुलाला जिल्हा रुग्णालयातून पुरेशा पट्ट्या आणि दंडावरची चकती मिळेल असा ठराव मंजूर करावा, त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि अंमलाची मुदत ठरावातच लिहावी. तोवर वाचकांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी निदान एका मुलाच्या पट्ट्यांचा भार उचलावा. एका मुलाला दिवसाला किमान चार लागतात.